चित्र राधाकाकींकडे, आवाज आमच्याकडे

मला जमत नाही असं एकच काम आहे, ते म्हणजे "मला जमत नाही" असं म्हणणं! चाळीत कोणाची इस्त्री बंद पडू दे, मिक्सर घरघरू दे, पंखा गरगरायचा थांबू दे, मी स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. बंद पडलं नसेल तरी मी एकदा उघडून बघून देतो. शेजारच्या राधाकाकी म्हणतात, चिंतामणीच्या हाताखालून गेलेली वस्तू परत तक्रार करत नाही, कारण ती परत काहीच करत नाही. त्यांचं सोडा हो! त्यांचा रेडिओ मुळातच नाजूक होता.

तर असा मी, लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर पहिला कॉम्प्युटर आणला. आणला म्हणजे जमवला. लॅमिंग्टन रोडला माझा मित्र चंदू रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. त्याच्याकडून आज डबा, पुढच्या महिन्यात कीबोर्ड, मग स्पीकर, असा एकेक अवयव घरी आला. सगळं झालं, मॉनिटर तेवढा राहिला. त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरला सगळं समजायचं, पण दाखवता काही यायचं नाही. आईनं त्याच्यावर जुन्या साडीचा तुकडा घातला होता आणि गुरुवारी ती त्याला फूल वाहायची. मी म्हटलं, "आई, अगं हे मशीन आहे!" ती म्हणाली, "आसांदे. दसऱ्याक तुझो बाबा साच्याक फूल व्हायचो, तो काय गणपती होतो?"

साचा म्हणजे माग. माझे बाबा, दत्ताराम परब, मिलमध्ये साचेखात्यात होते. होते, असं आपण म्हणायचं; त्यांना विचाराल तर ते अजून आहेत. ब्याऐंशीचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. आता मला टक्कल पडायला लागलं, पण बाबांचा संप चालूच. रेशनिंग ऑफिसातल्या माणसानं एकदा विचारलं, "आजोबा, काम काय करता?" बाबा ताठ मानेनं म्हणाले, "संपावर आहे!" वास्तविक ते मिरची गल्लीत मसाले कुटायच्या दुकानात जातात आणि संध्याकाळी घरी आले की आम्ही सगळे ओळीनं शिंकतो. पण तो त्यांच्या मते जोडधंदा. "संप मागे घेतल्याचं मला कोणी येऊन सांगितलंय? नाही ना? मग!"

आणि अशा या माणसाच्या मुलीनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, ललितानं, लग्न कोणाच्या मुलाशी करावं? उत्तमकाकांच्या!

उत्तमकाका म्हणजे बाबांचे जिवलग. गाव एक, खातं एक, पाळी एक, आणि साचे शेजारी शेजारी. डबासुद्धा दोघांचा एकच असायचा, भाकरी एकाची आणि कालवण दुसऱ्याचं. पण संपाच्या दुसऱ्या वर्षी घरात आजारपण आलं, पोरं उपाशी राहायला लागली, आणि एका सकाळी उत्तमकाका पोलिसांच्या गाडीत बसून मिलमध्ये कामावर गेले. बाबा गेटवर उभे होते. दोघांची नजरानजर झाली म्हणतात. त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव आमच्या घरात नाही. आणि त्यांच्या दौलतशी ललितानं रजिस्टर लग्न केलं, त्या दिवसापासून ललिताचंही नाही. बाबांनी भिंतीवरचे तिचे फोटो काढून पत्र्याच्या ट्रंकेत टाकले आणि जाहीर केलं, "या घरात तिचं तोंड दिसता कामा नये!"

दौलत तिला घेऊन मस्कतला गेला, मागून उत्तमकाकाही तिकडेच गेले. तिकडे मुलगा झाला. तो चालायला लागला, बोलायला लागला, बालवाडीत गेला. आमच्या आईनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. गणपतीत चाळीतल्या सगळ्या सासुरवाशिणी पोरंबाळं घेऊन माहेरी यायच्या, तेव्हा आई उगाचच दिवसभर भांडी घासत बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची. मी विचारलं तर म्हणायची, "काळी पडतत रे."

आणि अशात मस्कतहून आलेल्या एका माणसाच्या हाती ललितानं सीडी धाडली! घरी कॅमेऱ्यावर घेतलेलं शूटिंग. आईनं सीडी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पुसली आणि आरशासारखी डोळ्यांसमोर धरली. त्यात तिला तिचंच तोंड दिसलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "चिंत्या, ह्यातला माका बघूक होया."

अहो, आईनं आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं! मी छाती ठोकून म्हणालो, "रविवारी दाखवतो. आपल्या टीव्हीवर!"

चंदूनं डोकं चालवलं. आमचा टीव्ही जुना, त्याला मागे केबलची वायर घुसवायचं एकच भोक. चंदूनं एक छोटी डबी दिली. कॉम्प्युटरचं चित्र या डबीत जातं आणि पलीकडून चार नंबरच्या चॅनलवर निघतं. आवाज मात्र तिच्यातून जात नाही, तो कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून ऐकायचा. कॉम्प्युटरही त्यानं दुकानातल्या मॉनिटरवर असा लावून दिला, की सीडी घातली की ती आपोआप सुरू व्हावी.

"आणि या वायरी घेऊन जा, तयार आहेत," चंदू म्हणाला.

"वायरी?" मी हसलो. "अरे, वायर काय विकत न्यायची वस्तू आहे? मी घरी करतो!"

चंदूनं हात जोडले. मला वाटलं, कौतुकानं.

आता आमच्या मजल्याची केबलची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चार खोल्यांत कनेक्शन एक. खांबावरून येणारी केबल आमच्या खिडकीतून आत येते, दारावरच्या एका फाटे फुटणाऱ्या डबीत घुसते, आणि तिथून एकेक वायर चारी घरांत जाते. केबलवाल्याला हे माहीत आहे, पण तो लहानपणी आमच्याच मजल्यावर लपाछपी खेळलेला, त्यामुळे बोलत नाही.

शनिवारभर बसून मी वायरी केल्या. सोल्डरिंगचा डाग देताना तीनदा बोट भाजलं, पण वायरी काय देखण्या झाल्या होत्या! दारावरच्या डबीपासून आमच्या टीव्हीपर्यंतची केबलवाल्याची मळकी वायर काढून तिथेही मी माझी नवी कोरी घातली. हौस हो!

रविवारी दुपारी वनडे होती. मॅच बाबा नेहमी शेजारी बघतात, राधाकाकी आणि शामरावकाकांकडे. शामरावकाकाही साचेखात्यातले. दोघे खाटेवर शेजारी शेजारी बसतात आणि प्रत्येक विकेटला मालकांना शिव्या देतात. बाबा चपला घालून बाहेर पडले आणि आईनं दार लोटलं.

वळून बघतो तर आईनं ठेवणीतली साडी नेसायला काढलेली!

"आई, ती सीडी आहे. ललिताला तू दिसणार नाहीस."

"माहीत आसा. पण माका ता दिसतला ना?" आईनं केस विंचरले, कुंकू लावलं आणि टीव्हीसमोर एका बशीत खोबऱ्याच्या वड्या आणून ठेवल्या. "नातवासमोर रिकाम्या हातान बसू?"

मी खिडकीतून येणारी केबल दारावरच्या डबीतून उपसली, तिच्या जागी चंदूच्या डबीतून निघालेली कॉम्प्युटरची वायर घातली, टीव्ही चारवर लावला आणि सीडी आत ढकलली. सीडीचा खण मी स्वतः बसवलेला असल्यामुळे अंगठ्यानं दाबून धरावा लागायचा, नाहीतर जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा. दाबून धरला. घर्रर्र आवाज झाला. आई पाटावर पुढे सरकली.

टीव्हीवर मुंग्या!

नुसत्या मुंग्या. पांढऱ्या, काळ्या, लाखोंनी. आणि स्पीकरमधून अगदी स्पष्ट, कालच बाजारातून आल्यासारखा ललिताचा आवाज आला, "आई, मी बोलतेय गं. दिसतेय का मी?"

"नाय गो!" आई ओरडली. "नाय दिसत!"

"बघ, जाड झालेय ना मी?"

"माका काय म्हाईत!" आईला रडूच आलं. "चिंत्या, अरे ता विचारता हा! काय तरी कर!"

एका हाताचा अंगठा खणावर, दुसऱ्या हातानं मी टीव्हीच्या पाठीत धपाटे घालतोय. मुंग्यांनी जागा बदलली, पण ललिता काही येईना. तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडून, राधाकाकींच्या खोलीतून, ओरडा झाला.

"अरे, मॅच कुठे गेली?"

"ही कोण बाई आली मधेच?"

"जाहिरात असेल."

"जाहिरात कसली! अगो बाय माझे, ही तर आपली ललिता!"

मी दारावर बघितलं. अहो, फाटे फुटणारी डबी! मी कॉम्प्युटरची वायर डबीच्या तोंडातच खुपसली होती आणि मॅचही केबलवाल्यानं चार नंबरवरच सोडलेली! बाकीच्या तीन घरांत केबलवाल्यानं ओढलेल्या मळक्या वायरी होत्या, तिकडे चित्र लख्ख पोचलं होतं. माझ्या हातची देखणी वायर एकाच घरात होती. आमच्या!

आणि राधाकाकींच्या खाटेवर, टीव्हीपासून हातभर अंतरावर, बाबा बसले होते.

"आई, मेलो! बाबा तिकडे आहेत!" मी वायर उपटायला झेपावलो.

आईनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आठवतो. "हात लावशीत तर बघ. खयतरी दिसता हा ना? दिसांदे."

"अगं पण बाबा—"

"गप रव!"

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत फळ्यांची, वर हातभर उघडी. त्या फटीतून राधाकाकींची कुजबुज आली. राधाकाकी कुजबुजल्या की परळ डेपोपर्यंत कळतं.

"सुभद्रे! तुझो नातू गो! नाक तर दत्तारामाचाच!"

आईनं भिंतीला तोंड लावलं. "आणि हे? हे उठले?"

"नाय. बसलेत."

"काय करतत?"

"चष्मो पुसतत."

आई माझ्याकडे वळली. "चष्मो पुसतत!" जणू मी बहिराच.

मग सुरू झालं हो! तिकडे चित्र, आवाज नाही. इकडे आवाज, चित्र नाही. राधाकाकी फटीतून सांगायच्या, "झील हसता गो, नातू तुझो!" आई इकडून सांगायची, "ता म्हणता, त्याका भात आवडता!" राधाकाकी, "आता धावता हा! पडलो! उठलो!" आई, "रडूक नाय, रडूक नाय तो!" टोकाच्या खोलीतली चंपावहिनी हातात लाटणं घेऊनच धावत आली. "भावजी, आमच्याकडे मॅचच्या जागी ललिता लागलीय! पण आमचा ब्लॅक अँड व्हाइट हो! तिची साडी कुठल्या रंगाची आहे?" मी म्हटलं, "वहिनी, मी मुंग्या बघतोय!"

"अरे चिंत्या!" पलीकडून शामरावकाका ओरडले, "आवाज वाढव की! पोरगं तोंड हलवतंय, काय बोलतंय कळत नाही!"

मी एका हातानं स्पीकर उचलून कपाटावर फटीसमोर ठेवले आणि बटण पूर्ण फिरवलं. अंगठा खणावरच.

"आई, तू जा ना तिकडे," मी म्हटलं. "बघून तरी ये."

आई दारापर्यंत गेली. कडीला हात घातला आणि तशीच थांबली. मग परत येऊन पाटावर बसली.

"मी गेलंय तर ते उठतले," ती हळूच म्हणाली. "मानाचो माणूस. त्येंका बघूंदे. मी आयकतंय."

इतकी वर्षं जे डोळ्यांनी बघायला ती तळमळली ते पलीकडे, एका फळीच्या अंतरावर चाललेलं होतं. आणि ही बाई ठेवणीतली साडी नेसून मुंग्यांसमोर बसून ते ऐकत होती. मला माझ्या वायरीचा असा राग आला म्हणता! पण अंगठा काढता येत नव्हता.

तेवढ्यात राधाकाकींची कुजबुज आली. या खेपेला खरंच कुजबुज. "अगो... उत्तम."

स्पीकरमधून उत्तमकाकांचा आवाज आला, थोडा म्हातारा झालेला, पण तोच.

"बाबू, साचा चाललाय, खडाक खडाक. आणि धागा तुटला! आता काय करायचं?"

"गाठ मारायची!" पोराचा आवाज. काय आवाज हो, पितळेच्या घंटीसारखा!

"शाब्बास. हा बघ धागा. अशी. आणि ही गाठ मला कोणी शिकवली?"

"दत्ताराम आजोबांनी!"

"कुठे असतात दत्ताराम आजोबा?"

"संपावर!"

चंपावहिनीच्या हातातलं लाटणं पडलं. पलीकडे शामरावकाका असे हसत सुटले की त्यांना ठसकाच लागला. राधाकाकी हसताहेत, चंपावहिनी हसतेय, मला हसावं की पळावं कळेना. आई मात्र भिंतीला कान लावून बसलेली. बाबांचा आवाज नव्हता.

आणि मग तो आला. फळ्या हादरतील एवढा!

"अरे मेल्या उत्तम्या, अशी नाय! डावो धागो खाली! खाली घे! पयल्या दिवसापासून सांगतंय, अजून तीच चूक करता! शाम्या, बघ, बघ, पोराक पण चुकीचा शिकवता हा!"

गेटवरच्या त्या सकाळपासून बाबांच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. आईनं पदर तोंडात कोंबला. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच माहीत.

"सुभद्रा!" पलीकडून हाक आली. "थय कशाक बसलंस? हय ये. बघ काय शिकवता हा तो!"

आई उठली, वड्यांची बशी उचलली आणि धावली. या वयात, त्या जड साडीत, अक्षरशः धावली! मी कान लावून बसलो. राधाकाकींच्या दारात तिची पावलं वाजली, आणि नेमका त्याच क्षणी स्पीकर घर्रर्र करून गप्प झाला. सीडी संपली!

"संपला?" आईचा आवाज.

"लाव रे चिंत्या परत!" अख्खा मजला ओरडला. त्यात बाबांचाही आवाज होता. तो मी ओळखतो.

परत लावली. परत परत लावली. वनडे कोण जिंकलं, आमच्या मजल्यावर आजतागायत कोणाला माहीत नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले. शर्ट खुंटीला लावला, हात-पाय धुतले, जेवायला बसले. आई वाढताना त्यांच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. मी मात्र माझ्या वायरीचं ऑपरेशन करत होतो. पीन उघडली आणि दुखणं सापडलं. आतली तार पिनेला टेकलेलीच नव्हती, माझा डाग नुसता शोभेला! मी डाग द्यायचं यंत्र तापायला ठेवलं.

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, चूक झाली माझी," मी भीत भीत म्हटलं. "सांधा सुटा राहिला होता. आता पक्का करतो. उद्यापासून चित्र कोणाकडे जाणार नाही, फक्त आपल्याच टीव्हीवर दिसेल."

"ते खाली ठेव."

"अहो, दोन मिनिटांचं—"

"खाली ठेव म्हटलं ना!" बाबांनी पाण्याचा तांब्या बाजूला केला. "मी काय बोललो होतो? या घरात तिचं तोंड दिसता कामा नये. बरोबर?"

"बरोबर."

"दिसलं आज?"

मी मुंग्यांकडे बघितलं. "नाही दिसलं."

"मग झालं! माझा शब्द मोडलेला नाही. वायर चांगली आहे. तिला हात लावायचा नाही." मग भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या मॅच आहे ना?"

"नाही बाबा, उद्या कुठली? आता पुढच्या—"

"आहे," बाबा म्हणाले. "चारवर."

आईनं त्यांच्या पानात न मागता मासळीची दुसरी तुकडी वाढली.

माझ्या हातच्या वस्तूला "चांगली आहे" असं बाबा आयुष्यात एकदाच म्हणाले, आणि तेही जी चालत नव्हती तिला! तेव्हापासून दर रविवारी दुपारी आई ठेवणीतली साडी नेसते, बाबा चपला घालतात, आणि दोघं वड्यांची बशी घेऊन शेजारी मॅच बघायला जातात. मस्कतहून आता नव्या सीड्या येतात. परवाच्या सीडीत उत्तमकाका म्हणे गाठ बरोबर मारतात. कोणी कळवलं त्यांना, ते विचारू नका. बाबा म्हणतात, "मी अजून संपावर आहे!"

मी आपला घरात मुंग्यांसमोर, खणावर अंगठा दाबून बसलेला असतो. दुसऱ्या कोणाच्या अंगठ्याला तो खण दाद देत नाही. फटीतून राधाकाकी सांगतात, पोरगा वाढलाय, आणि हसला की हुबेहूब मामासारखा दिसतो.

असेल बुवा! मी अजून पाहिलेला नाही.